इंजेक्शनच्या गाडीला कार्बोरेटरचा मिस्त्री

धर्मपाल मिस्त्रींना कुणी 'चला' म्हटलं नव्हतं, तरी ते माढ्याच्या माळावर निघाले, आणि तेही हत्यारांची पेटी घेऊन. सोलापुरात नवी पेठेमागच्या बोळात तीस वर्षं त्यांनी कार्बोरेटर खोलले होते. नुसत्या आवाजावरून हवा जास्त की पेट्रोल जास्त हे ते ओळखत आणि स्क्रू अर्धा आटा फिरवून गाडी वळणावर आणत. पण मेल्या कंपन्यांनी कार्बोरेटरच काढून टाकला! आता पेट्रोल इंजेक्शननं जातं आणि किती जायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. चार वर्षांत मिस्त्रींच्या हाताला पंक्चर आणि ब्रेक सोडून काही लागलं नव्हतं. रिकामे हात मांडीवर ठेवून बसलं की त्यांना अगदी भरून येई.

त्यातून लेकीनं, धम्मप्रियानं, दगडधोंड्यांतून उड्या मारणारी उंच मोटारसायकल घेतली, तीही इंजेक्शनचीच. आज तिची शर्यत होती.

"पप्पा, पेटी कशाला? हिच्यात खोलण्यासारखं काय न्हाय."

"मशीन म्हटलं की खोलण्यासारखं असतंच."

"घेऊ दे गं," पारूबाई लेकीला म्हणाल्या. "पेटी घरी ठिवली तर जेवायचे न्हाईत."

माळावर एकेक गाडी सोडत होते. धम्मप्रिया नंबरची वाट बघत जरा चक्कर मारायला गेली आणि ओढ्याच्या काठावर गाडीसकट आडवी झाली. इंजिन बंद. मिस्त्री पेटी घेऊन असे धावले, की गुडघेदुखी कुठल्या कुठं पळाली.

"लागलं का गं?"

"न्हाय. थांबा पप्पा, मी..." गाडी उभी करून तिनं किल्लीकडं हात नेला.

"हात लावू नगंस! पेट्रोल उतरलं नसंल. आडवी कर!"

आपल्याकडं बंद पडलेली गाडी आडवी करायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तळाशी राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरकडं सरकतं आणि गाडी घरापर्यंत जाते. मिस्त्रींनी आयुष्यात हजार गाड्या अशा लोळवल्या होत्या. त्यांनी हीही लोळवली, आधी डावीकडं, मग उजवीकडं. गाडी ढिम्म.

"चोक कुटं हाय?"

"हिला चोक नसतो."

"बिनचोकाची गाडी! काय म्हणावं आता!"

"नंबर बावीस, तयार राहा," लाउडस्पीकर ओरडला. धम्मप्रियानं तिकडं पाहिलं, मग बापाकडं. मिस्त्रींनी पेटी उघडली होती. पाने ओळीनं मांडून, बाह्या सारून ते इंजिनाला कान लावून बसले होते. ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली.

"कुठला पाना देऊ, पप्पा?"

पाना काही लागला नाही. फुंकर मारून कचरा काढावा म्हणून मिस्त्रींनी पेट्रोलचा पाइप ओढला. कार्बोरेटरच्या पाइपातून पेट्रोल ठिबकतं. हिच्यात ते पंपाच्या दाबाखाली कोंडलेलं. फर्रकन फवारा उडाला तो मिस्त्रींच्या मिशांवर आणि पारूबाईंच्या नव्या साडीवर.

"अगं बाई, आग लागंल! आदी किल्ली काढा!" पारूबाईंनी किल्ली उपटूनच घेतली.

"नंबर बावीस, शेवटचा पुकारा!"

पाइप बसवला, सगळं पुसलं, वास जाईपर्यंत थांबले. मग पुन्हा किल्ली लावून बटण दाबलं तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू! बघ्यांनी टाळ्या पिटल्या. बावीस नंबर मात्र बाद झाला होता. बक्षिसाची फेरी गेली. दुपारी हौसेची तेवढी राहिली.

"पाइपात कचरा हुता," मिस्त्री चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगत सुटले. "कॉम्प्युटरला काय कळतंय त्यातलं?"

तेवढ्यात समोरच एक गाडी आपटली. पोरानं ती उभी केली, किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, बटण दाबलं आणि गेलाही.

"असं काय केलं त्यानं?"

"पडली की आपोआप बंद हुती ती, काका," चहा पीत असलेला एक स्पर्धक म्हणाला. "किल्ली बंद करून परत चालू करायची. गाडी घेतानाच सांगत्यात."

मिस्त्रींचा चहा हातातच राहिला. ते लेकीकडं गेले. ती बुटाची नाडी बांधत होती.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस? बक्षिसाचा नंबर गेला की तुझा!"

"तुमी लई दिसांनी पेटी उघडली हुती, पप्पा."

डोळ्यांत पेट्रोल गेलंय म्हणत मिस्त्री बराच वेळ रुमालानं डोळे पुसत राहिले.

दुपारच्या फेरीत धम्मप्रिया पुन्हा पडली. तिनं गाडी उभी केली आणि दोरीपलीकडच्या गर्दीत बापाला शोधू लागली. मिस्त्री पेटीवर बसले होते. ताडकन उठले, एक पाऊल पुढं टाकलं, आणि मग दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरून साऱ्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले,

"अगं, किल्ली फिरव की! माझी वाट बघू नगंस!"