आर्विडच्या स्मरणार्थ दोन खोल्या

हॉटेलात चांगली खोली कशी पदरात पाडून घ्यावी, हे डोरीन हॅल्वरसनला कुणी शिकवायची गरज नव्हती. उलट तिच्या गावी, डुलुथमध्ये, कुणी चार दिवस बाहेर निघालं की आधी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला यायचं आणि सल्ला घेऊन जायचं. बावीस वर्षं ती कानाची यंत्रं विकत गावोगाव फिरली होती. त्या बावीस वर्षांत लिफ्टशेजारची खोली तिने फक्त दोनदा सहन केली, तीही पहिल्या वर्षी!

तिचं शास्त्र सोपं होतं. मोठ्या हॉटेलांच्या नादी लागायचं नाही, तिथे तुम्ही म्हणजे नुसता खोलीचा नंबर. वीस-पंचवीस खोल्यांचं, जुन्या घरातलं, जिथे व्यवस्थापक बाई स्वतः फुलदाणीतलं पाणी बदलते, असं हॉटेल धरायचं. अशा हॉटेलांचा मिळून एक ‘लँटर्न क्लब’ होता. जितक्या रात्री राहाल तितकं सभासदत्व वर चढतं, आणि डोरीन पार शेंड्यावर जाऊन बसली होती. शेंड्यावरच्या माणसाला त्याच भाड्यात वरच्या दर्जाची खोली मिळते. ‘उपलब्ध असल्यास.’ म्हणजे काउंटरवरच्या बाईच्या मनात असल्यास!

म्हणून डोरीन दोन दिवस आधी हॉटेलला एक निरोप पाठवायची. निरोपात काहीतरी प्रसंग हवा. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, गुडघ्याचं ऑपरेशन. डोरीनचा एकच गुडघा कागदोपत्री चार वेळा बदलून झाला होता. शिवाय क्लबची सगळी हॉटेलं पाहुण्यांच्या नोंदी एकमेकांना दाखवायची. एकाला सांगितलं की मऊ उशी हवी, तर दुसऱ्या गावात न मागता मऊ उशी हजर. या सोयीचं तिला फार कौतुक.

तिचा नवरा आर्विड या भानगडीत कधीच नव्हता. जन्मभर त्याने रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. माणसाला झोपायला एक पलंग लागतो आणि तो आपल्या घरी आहे, हे त्याचं पर्यटनाबद्दलचं मत. ती फिरतीवर गेली की तो गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसायचा. आता दोघंही निवृत्त झाले होते, आणि उरलेली वर्षं दोघांनी मिळून हिंडावं हे एकच डोरीनच्या मनात होतं. तिने सबंध हिवाळा त्याच्यामागे लकडा लावला. शेवटी मार्चमध्ये तो म्हणाला, “एकदा येतो. जमलं तर जमलं. नाहीतर तू तुझी फीर, मी माझ्या तळ्यावर.”

आवाज न चढवता म्हणाला, म्हणजे दुसरी संधी मिळणार नव्हती.

डोरीनने दक्षिणेतलं सव्हाना शहर निवडलं. एका चौकावरचं बावीस खोल्यांचं हॉटेल, त्यातही कोपऱ्यातली दालनवजा खोली. शेकोटी, नक्षीदार पायांवर उभा असलेला जुन्या धाटणीचा टब, सज्ज्यासमोर ओकची झाडं. या खेपेला निरोप असा लिहिला, की पाठवण्याआधी तिने स्वतःच तो दोनदा वाचला. ‘बावीस वर्षं एकटीने प्रवास केला. आता आयुष्याची नवी सुरुवात करते आहे. पहिल्यांदाच सोबत कुणीतरी आहे.’ यातला शब्द न शब्द खरा होता. म्हणजे खोली मिळालीच म्हणून समजा, असं तिने आर्विडला विमानात तीन वेळा सांगितलं.

हॉटेलच्या व्यवस्थापक मिस ओडेसा प्रिंगल काउंटरमागून बाहेर आल्या. सत्तरीच्या, मोत्यांची माळ घातलेल्या. त्यांनी डोरीनचे दोन्ही हात हातात घेतले.

“कशी आहेस गं राणी?”

डोरीन म्हणाली, ठीक आहे. मिस ओडेसांनी मान हलवली, जणू या उत्तरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मग त्यांनी आर्विडला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि हे कोण, असं विचारलं.

“हा आर्विड,” डोरीन म्हणाली.

मिस ओडेसांचा हात मोत्यांवर गेला. “हेसुद्धा आर्विड?”

हेसुद्धा म्हणजे काय, ते डोरीनला कळेना. पण तेवढ्यात किल्ल्या पुढे आल्या. एक नाही, दोन. तिची दुसऱ्या मजल्यावर बागेच्या बाजूला, त्याची तळमजल्यावर, पार टोकाला. मिस ओडेसा तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, “घाई नको करूस हं. मनाला वेळ दे.”

जिन्यात आर्विडने विचारलं, वरच्या दर्जाची खोली म्हणजे अशीच असते का. डोरीन म्हणाली, लोकांना एक देतात, आपल्याला दोन दिल्या! म्हणताना तिचं तिलाच पटलं नाही.

तिच्या खोलीत पांढऱ्या लिली होत्या. मऊ उशी होती. उशाशी टिश्यूचा डबा, झोप यायचा काढा आणि एक कार्ड. आर्विडने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कार्ड मोठ्याने वाचलं.

“‘आर्विड यांच्या स्मरणार्थ.’ हा कोण?”

“तूच असशील.”

“मग स्मरणार्थ का?”

डोरीन पलंगावर बसली. डोकं असं चक्रावलं होतं, की आपण कुठल्या गावी आहोत हेही तिला क्षणभर आठवेना. काहीतरी गोंधळ झालाय, पाच वाजता खाली वाइन देतात तेव्हा विचारू, एवढंच ती म्हणाली.

पाच वाजता दिवाणखान्यात सात-आठ पाहुणे चीज खात उभे होते. डोरीन तोंड उघडणार, तोच मिस ओडेसांनी आर्विडला गाठलं आणि दोन शब्द सुनावले. बाईने फार सोसलंय. गेलेल्या माणसाची जागा कुणाला घेता येत नाही, तेव्हा साहेब, जपून.

“कोण गेलं?” आर्विडने विचारलं.

“तिचा नवरा. तळ्यावर मासे धरत होता बिचारा. बर्फ फुटला.”

आर्विडने चीजचा तुकडा खाली ठेवला. “तो मीच.”

“असं मनाला लावून नका घेऊ,” मिस ओडेसा हळुवारपणे म्हणाल्या.

मग त्याने खिशातून गाडीचा परवाना काढला. मिस ओडेसांनी नाव वाचलं, आडनाव वाचलं, फोटो पाहिला, आणि त्यांचा चेहरा लिलींसारखा झाला. “त्यांचे भाऊ आहात?”

बाकीचे पाहुणे चीज सोडून त्यांच्याकडे बघू लागले. आणि डोरीनला सिनसिनाटीचं हॉटेल आठवलं!

नऊ वर्षांपूर्वीचं. कपडे धुण्याच्या यंत्राला लागून खोली दिली होती, भिंत थरथरत होती. खोली बदलून मागायला तिथूनच काउंटरला निरोप पाठवायचा होता, आणि निरोपात प्रसंग हवा. त्या दिवशी खरोखर प्रसंग होता, तिचा पन्नासावा वाढदिवस. पण तळ्यावर फोन लागत नव्हता, घरून तीन दिवस कुणाचा शब्द नव्हता, आणि वाढदिवस असं लिहावं तर मेणबत्ती विझवायला कोण होतं सोबत? म्हणून तिने रागाच्या भरात निरोपात नवऱ्याला बर्फाखाली घातलं. कोपऱ्यातली खोली मिळाली, सूप वर आलं. ती टबात पोटभर रडली आणि मग तिला उत्तम झोप लागली.

हे सगळं तिला चीजच्या ताटासमोर, सात-आठ अनोळखी माणसांदेखत सांगावं लागलं. आर्विडने वाइनचा पेला खाली ठेवला.

“पन्नासावा होता?”

“हो.”

“त्या खेपेला मासेही मिळाले नव्हते,” तो म्हणाला.

मिस ओडेसा काउंटरमागे गेल्या आणि त्यांनी नोंद दुरुस्त केली. मेलेला माणूस जिवंत करायला संगणकात जागाच नव्हती. त्यांनी खाली लिहिलं, ‘नवरा परत आला.’ कोपऱ्यातली खोली मात्र तोवर एका नवविवाहित जोडप्याला दिली होती. निदान त्या जोडप्याने निरोपात तसं लिहिलं होतं.

परतीच्या प्रवासात आर्विड सहा वाक्यं बोलला, त्यातली चार हवामानाबद्दल. डोरीनने मनातल्या मनात त्याला तळं देऊन टाकलं.

मे महिन्यात एका सकाळी तो म्हणाला, सांता फे शहरात खोली घेतलीय. स्वतः. क्लबचा सभासदही झालोय, अगदी खालच्या पायरीवर. कधी जायचं तेही त्याने सांगितलं. ती तिच्या वाढदिवसाची तारीख होती. ही गोष्ट हॉटेलवाल्यांना कळवलीस का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तो तुझा वाढदिवस, त्यांचा काय संबंध?

म्हणजे लिफ्टशेजारची खोली! काही बोलायचं नाही असं ठरवून डोरीन निमूट निघाली.

सांता फेच्या काउंटरवरच्या बाईने त्यांना हॉटेलातली सर्वांत वरची खोली दिली. शेकोटी, गच्ची, दोन माणसं मावतील असा टब. बावीस वर्षं फिरून, शेंड्यावर बसूनही डोरीनने असली खोली पाहिली नव्हती. आर्विड टबाचे नळ तपासत होता तेवढ्यात ती गुपचूप खाली गेली आणि बाईला म्हणाली, त्याने लिहिलं तरी काय, मला बघायचंच आहे.

बाईने हसून संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. प्रसंगाच्या रकान्यात दोन ओळी होत्या.

‘प्रसंग काही नाही. बायकोबरोबर येतोय. दोघंही जिवंत आहोत.’