त्रेसष्टावं कार्ड

ज्या शब्दापुढे माझ्या आधीच्या तिघांनी हात टेकले, तो मी अकरा महिन्यांत लोळवला! शब्द इंग्रजी, दिसायला चिमुकला : रन. पहिल्याने चाळिसाव्या अर्थाला नोकरी सोडली. दुसऱ्याला जाड भिंगाचा चष्मा लागला. तिसरा आता फुलांचं दुकान चालवतो आणि रस्त्यात कुणी पळताना दिसलं तर तोंड फिरवतो. मी मात्र एकशे अठरा अर्थ काढले! एका अर्थाला एक कार्ड.

शुक्रवारी चारच्या ठोक्याला कार्डांची पेटी छापखान्यात जाणार आणि सोमवारी मी नोकरीत कायम होणार, असं इंग्रजी-मराठी कोशाच्या संपादकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, सांगितलं होतं. एक कार्ड जरी कमी पडलं तर?

"तर तुम्हीही कमी," बाई म्हणाल्या.

बाई विनोद करत नाहीत.

आमच्या कोशाचे दोन नियम आत्ताच सांगून टाकतो, पुढे मला श्वास घ्यायला सवड नाही. मूळ शब्द फक्त पहिल्या कार्डावर लिहायचा; बाकीच्यांवर कोपऱ्यात आकडा आणि मधोमध मराठी उदाहरण. आणि कार्डाच्या पाठीवर लाल शाईत काही असेल, तर पुढचं रद्द. मागचं छापायचं.

शुक्रवार, दुपारी एक. बाईंनी पुन्हा लिहायला लावलेली चार कार्डं जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवून मी अंघोळीला गेलो. बायको दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी. घरात चिटपाखरू नाही. कसली भीती?

बाहेर आलो. टेबल रिकामं!

टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, फ्रिजमध्येसुद्धा पाहिलं. मग टेबलाच्या कडेला एक किल्ली दिसली. आमच्याच घराची, अडीअडचणीला सासऱ्यांकडे दिलेली. सासरे येऊन गेले होते आणि किल्ली परत करून गेले होते! कार्डंही त्यांच्याचकडे, आणि आता माझं काही खरं नव्हतं. कारण ती चार कार्डं अशी होती :

३१. माझा धीर संपला.
६३. हे फार काळ चालायचं नाही.
६४. ती घर सोडून पळून गेली.
९०. हे घर ती एकटीच चालवते.

सासरे चौतीस वर्षं कोर्टात कारकून होते. मी फोन लावला.

"जावईबापू, फोनवर एक अक्षर बोलू नका," ते म्हणाले. "समोर या."

दोन वाजून दहा. बाकीच्या कार्डांची पेटी छातीशी धरून मी सासुरवाडीला. टेबलावर चारही कार्डं ओळीने, प्रत्येकावर एकेक पेला उपडा. सासऱ्यांच्या हातात कोर्टाच्या काळातलं लाल पेन. सासूबाईंचे डोळे सुजलेले.

"बाबा, ती कार्डं द्या, माझी नोकरी—"

"पुरावा असा देत नसतात. मुलगी कुठे आहे?"

"प्रशिक्षणाला!"

"तिचा फोन बंद आहे."

"प्रशिक्षणात बंदच ठेवतात!"

"असं तुम्ही म्हणता."

मी सगळं समजावलं. एक शब्द, त्याचे अनेक अर्थ.

"रन म्हणजे पळणे," सासरे म्हणाले. "शाळेत शिकलोय मी. एका शब्दाला अर्थ किती?"

"एकशे अठरा!"

"सापडलेला माणूस आकडे फार सांगतो."

आता मी जे केलं ते कुठल्याही शहाण्याने करू नये. पुराव्यादाखल पेटी उघडून त्यांच्यापुढे सरकवली! सासूबाईंनी हाताला लागलं ते कार्ड काढून वाचलं.

५२. तो तिला चारचौघांत नावं ठेवतो.

"अगं बाई! म्हणूनच पोरगी वाळली."

७७. वेड त्यांच्या घराण्यातच आहे.

"हे लग्नाआधी सांगायला हवं होतं," सासरे गंभीरपणे म्हणाले.

८०. त्याने शेजाऱ्याचा कुत्रा गाडीखाली चिरडला.

"कुत्रासुद्धा?" सासूबाई किंचाळल्या. सासऱ्यांनी पेटीवर हात ठेवला. "एकशे अकरा बाकी आहेत. नीट वाचू. घाई नको."

घाई नको! भिंतीवर तीन वाजले होते. मी मनातल्या मनात फुलांच्या दुकानाला नाव शोधू लागलो.

तीन वीसला फोन वाजला. बायको! सासऱ्यांनी आवाज मोठा केला आणि तिला सगळं सांगितलं. पलीकडून आधी खोकल्यासारखं, मग धबधब्यासारखं हसू आलं.

"बाबा, अकरा महिने तो झोपेतसुद्धा हेच बडबडतोय. द्या त्याला!"

"आधी जबाब. एकतीस : माझा धीर संपला."

"खोटं."

"चौसष्ट : ती घर सोडून पळून गेली."

"खोटं. उद्या येतेय."

"त्रेसष्ट : हे फार काळ चालायचं नाही."

"सध्या तरी खोटं."

"नव्वद : हे घर ती एकटीच चालवते."

घड्याळाची टिकटिक हातोड्यासारखी वाजत होती.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"बाबा, याच्यावर त्याची सही घ्या."

वेगळ्या कागदावर सही केली. चारही कार्डं पेटीत कोंबली. आणि पळालो! पहिल्या कार्डावरच्या अर्थाने, जिवाच्या आकांताने. तीन एकोणसाठला पेटी बाईंच्या टेबलावर. बाईंनी कार्डं मोजली. एकशे अठरा. मी तिथेच खुर्चीत वितळलो.

सोमवारी कायम झालो. पाच महिन्यांनी कोश छापून आला आणि बाईंनी बोलावलं. चेहरा नेहमीसारखा, म्हणजे दगडी.

"त्रेसष्टावा अर्थ. उदाहरण तुमचंच ना?"

मी वाचलं. *तपास चालू आहे. जावई काहीतरी लपवतो.*

लाल पेन! कार्डाची पाठ! मी पोचण्याआधीच सासऱ्यांनी मागे शेरा मारला होता!

"अकरा महिन्यांत तुमच्या एकशे अठरा वाक्यांपैकी," बाई म्हणाल्या, "हे एकच जिवंत आहे. माणसं दिसतात. कसं सुचलं?"

"आमच्या... घराण्यातच आहे," मी म्हणालो.

"छान. पुढचा शब्द घ्या. सेट. दीडशेच्या वर अर्थ आहेत. सगळी वाक्यं मला अशीच हवीत."

हल्ली मी रोज दुपारी दहा कार्डं टेबलावर वाळत ठेवतो. शेजारी लाल पेन ठेवतो. आणि खूप वेळ अंघोळ करतो.

किल्ली सासऱ्यांना परत दिली आहे.