कंचनबाईंची अठ्ठाई

"मॅट्रिक झाला न्हवं? मग आता दुकानात बसायचं," असं पोराबद्दल म्हणून रूपचंदशेठनी भाकरी मोडली आणि कंचनबाईंनी आपलं ताट दूर सारलं.

"बन्सी पुण्याला कॉलेजात जाईस्तवर मी अन्नाला शिवायची न्हाई."

शेठ निवांत जेवले. रुसून उठलेली आणि कोपऱ्यावरून परत फिरलेली गिऱ्हाइकं त्यांनी जुन्नरच्या बाजारात पुष्कळ पाहिली होती. बाईही दिवस मावळायच्या आत पानावर येतील. मावळल्यावर जैनाच्या घरात कोण जेवतं?

पण दुपारी शेजारच्या प्यारीबाई विरजण मागायला आल्या.

"जेवलात का वैनी?"

घरचं भांडण परक्यांना कसं सांगायचं? "उपास हाय," कंचनबाई म्हणाल्या.

"किती दिसांचा?"

"बघू, निभंल तेवढा."

झालं! प्यारीबाई विरजण तिथंच विसरून धावल्या. उन्हं कलली तेव्हा ओसरीवर बायका तपाची गाणी म्हणत होत्या आणि पंच पारसमलजी शेठचे हात धरून उभे होते.

"धन्य तुमचं घर! चातुर्मास न्हाई, काय न्हाई, आन् अठ्ठाई?"

बायको रुसलीय, असं पंचांना सांगायची शेठची छाती होईना. "हां... अठ्ठाईच," ते म्हणाले.

आत कंचनबाई कडाडल्या, "आठ दिस नुसत्या पाण्यावर? अवं, मी उद्या सकाळी जेवणार व्हते!"

"मग जेव की."

"आन् त्या भायेर गात्यात त्यांना काय सांगू? शेठाणीला भूक लागली म्हून?"

शेठना मात्र रात्रीतून युक्ती सुचली. उपास आता देवाचा झाला. कॉलेज त्यातून आपोआप सुटलं! बन्सीनं भरलेली ट्रंक पुन्हा रिकामी केली. शेठ बाजारातून ताठ मानेनं हिंडू लागले. लोक वाकून नमस्कार करत, आणि तेही असे घेत, जणू आठ दिवस तेच उपाशी होते.

पारण्याच्या सकाळी वाजंत्री लावून कंचनबाईंना टांग्यातून मिरवलं. घरी आल्यावर शेठनी मुगाच्या पाण्याची चांदीची वाटी त्यांच्या ओठांना लावली.

ओठ उघडेनात.

वाजंत्री थांबली. गाणं थांबलं. पंच पुढे वाकून बघू लागले.

"पी की गं," शेठ कुजबुजले.

"पुणं?" कंचनबाईंनी ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं.

"बरं बाई, पुणं."

"मोठ्यानं. पंचांम्होरं."

शेठना घाम फुटला. पारण्याच्या वेळी पंचांसमोर बोललेला शब्द मोडता येत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण बायको तशीच उपाशी राहिली तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

"बन्सी पुण्याला कॉलेजात जाणार!" ते ओरडले.

"वा!" पारसमलजींचे डोळे भरून आले. "बाईचं तप आन् शेठचा नेम! जोडा असावा तर असा!"

एकच जयजयकार झाला. कंचनबाईंनी अर्धी वाटी घटाघटा संपवली. मग ओठ पुन्हा मिटले.

"आता काय?" शेठ रडकुंडीला आले.

"धाकट्या पोरीला, गुलाबलाबी शाळंत घालायचं," ओठांचा कोपरा म्हणाला.

वाजंत्री पुन्हा थांबली.