शेवटची फेरी आपल्याच गल्लीची

मास्तरांना उमेदवारी मिळाली ती तोंडात टाचण्या असल्यामुळे.

एकतीस वर्षं ते गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान चालवत होते. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची टाचत ते गुडघ्यांवर बसले होते. तेवढ्यात शेजारचे औषधवाले चार माणसं घेऊन आत आले आणि म्हणाले, "मास्तर, या वेळी वकीलसाहेबांच्या विरोधात वॉर्डातून कुणी उभंच राहत नाहीये. तुम्ही राहा."

मास्तर म्हणाले, "हं."

(तोंडात टाचण्या असल्या की मास्तर सगळ्यांनाच 'हं' म्हणत. त्यांचा निम्मा धंदा त्यावरच चालला होता.)

टाचण्या काढून 'छे छे, भलतंच काय' म्हणेपर्यंत मंडळी फॉर्म आणायला गेलीसुद्धा. पुढे नाही म्हणणं मास्तरांच्या जिवावर आलं. आयुष्यात त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. प्रचार औषधवाल्यांनीच केला. मास्तरांचं भाषण एकदाच झालं, आणि ते 'नमस्कार मंडळी'पासून निघून 'बरं, येतो मग' इथवर थेट पोचलं, वाटेत कुठे थांबलं नाही.

आपण पडणार याची खात्री असल्यामुळे मास्तर तसे निवांत होते. पण मतमोजणीच्या दिवशी गल्लीत थांबायची त्यांची छाती होईना.

"लेकीकडे जाऊन येऊ," ते बायकोला म्हणाले. "लोक सांत्वनाला येतील, ते नको."

"आणि निवडून आलात तर?"

"सकाळी सकाळी असलं बोलू नये."

साडेआठच्या बसने दोघं निघाले. चार तासांचा प्रवास. लेकीने मागच्या खेपेला मोबाइलमध्ये 'ताजे निकाल' नावाचं पान उघडून कसं बघायचं ते शिकवलं होतं. बोटाने पान खाली ओढलं की नवे आकडे येत. बस गावाबाहेर पडते न पडते तोच मास्तरांनी पान खाली ओढलं आणि ते तसेच बघत राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"सत्त्याऐंशीने पुढे आहे."

"कोण?"

"मी."

बायकोने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "पहिलीच फेरी आहे. उतरेल," ती म्हणाली. (लेकीला लहानपणी ताप आला की ती याच आवाजात बोलायची.)

पण उतरलं नाही. दुसऱ्या फेरीत आघाडी दोनशे बारावर गेली आणि मास्तरांच्या तोंडून एक दीर्घ 'आई गं' निघून गेलं. पलीकडच्या सीटवर एक विमा एजंट बसला होता. तो सहानुभूतीने वाकला.

"तुमचा माणूस पडतोय का?"

"नाही हो. पुढे चाललाय."

"मग कण्हताय कशाला?"

तेवढ्यात बस डोंगराच्या आडोशाला गेली, रेंज गेली आणि मोबाइलवर नुसतं चक्र फिरायला लागलं. मास्तर मोबाइल कधी खिडकीशी, कधी डोक्यावर धरून बघू लागले.

"वॉर्ड सांगा," एजंट म्हणाला. "माझ्याकडे आहे रेंज."

"सतरा," मास्तर बोलून गेले आणि मग त्यांना आठवलं की त्या पानावर उमेदवारांचे फोटो आणि व्यवसायही आहेत.

एजंटने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग तो उठून उभाच राहिला. "अहो मंडळी, आपल्या बसमध्ये भावी नगरसेवक आहेत. तीनशे चाळीसने पुढे."

पुढच्या वीस मिनिटांत मास्तरांना पाच वर्षांचा कारभार बघायला मिळाला. कंडक्टरने दोघांना उठवून सगळ्यांत पुढच्या सीटवर नेऊन बसवलं आणि मास्तरांच्या कानाशी येऊन आपल्या बदलीचं सांगितलं. एका मावशींच्या खिडकीची काच लागत नव्हती, गार वाऱ्याने त्यांचे गुडघे धरले होते. त्यात साहेबांनी जातीने लक्ष घालावं असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. एका निवृत्त गुरुजींनी दारापुढच्या तुंबलेल्या गटारावर दोन्ही बाजूंनी भरून अर्ज लिहिला.

"गुरुजी, मी तुमच्या गावचा नाही," मास्तर म्हणाले.

"असू द्या. वरपर्यंत ओळखी होतीलच आता."

मास्तरांनी अर्ज घेतला. (नाही म्हणणं जमत नव्हतंच.) बघता बघता शर्टाचा खिसा फुगला.

"उद्यापासून दारात हेच," बायको हळूच म्हणाली. "पहाटे पाचपासून."

"मशीनवर कोण बसणार गं?"

"मला काय विचारता. मला हुक लावता येतात आणि काजं करता येतात. अख्खा कोट नाही येत."

भरसभेत उभं राहून बजेटवर बोलायचं, या विचाराने मास्तरांच्या तळव्यांना घाम सुटला. चौथ्या फेरीत आघाडी तीनशे पंचावन्न झाली.

"एकच फेरी राहिली," एजंटने जाहीर केलं. "कुठल्या भागाची म्हणायची ही?"

"आमच्याच गल्लीची," मास्तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे संपलंच की." बसमध्ये टाळ्या पडल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. चारचौघांत तिने असं लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

मग एजंटचा आवाज आला, पण तो अगदीच पडेल होता.

"मास्तर, तीन मतांचा फरक आहे."

"पुढे?"

"मागे. वकीलसाहेब निवडून आले."

"नक्की? पुन्हा एकदा ओढून बघा ना ते पान."

एजंटने दोनदा ओढलं. तीनच मतं. मास्तरांच्या छातीवरून कुणीतरी शिलाई मशीन उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं. त्यांना हसू फुटलं, ते आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी शेजारणीला म्हणाल्या, "धक्का बसलाय बिचाऱ्याला."

तरी मावशींनी आपला कागद परत मागून घेतला. गुरुजींनीही घेतला. कंडक्टर दोनदा खाकरला आणि पुढच्या सीटचं रिझर्व्हेशन असल्याचं त्याला आठवलं. मास्तर आनंदाने आपल्या जुन्या सीटवर येऊन पसरले.

"एक सांगू?" बायको म्हणाली. "रागवायचं नाही. मी वकीलसाहेबांना मत दिलं."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी पण."

दोघांनी एकाच वेळी मनात हिशेब केला. आपापलं मत घरच्याच माणसाला दिलं असतं तर मास्तर एका मताने निवडून आले असते. दोघांच्याही अंगावर काटा आला.

एजंटला मात्र चैन पडेना. "मास्तर, मन खट्टू करू नका. मला एक सूट शिवायचाच आहे. तुमच्याकडेच शिवतो. दुकानाचा पत्ता द्या." मास्तरांनी भरल्या मनाने कागदावर पत्ता लिहून दिला. एजंटने तो पाकिटात ठेवला. तेवढ्यात औषधवाल्यांचा फोन आला. घाईत मास्तरांचं बोट भलतीकडे पडलं आणि औषधवाल्यांचा आवाज सगळ्या बसभर झाला.

"मास्तर, माफ करा. गल्लीतली मतं पडली नाहीत."

"अहो, असू द्या हो. पण मग एवढी आघाडी कुठून आली होती?"

"ती पलीकडच्या वस्त्यांतून. तिकडे तुमच्याकडे कुणी कपडे शिवलेले नाहीत. आपल्या गल्लीत सगळ्यांनी शिवलेत ना. 'मंगळवारी देतो' म्हणून तुम्ही दोन-दोन महिने फिरवता, आणि शेवटी देता ते काखेत काचतं. नळाचं पाणीही तसंच येईल म्हणाले लोक. मी खूप समजावलं, पण माझ्याही अंगात तुमचाच शर्ट होता."

फोन बंद झाला. एजंटने पाकीट काढलं, पत्त्याचा कागद नीट घडी करून मास्तरांच्या हातात ठेवला आणि फार अदबीने म्हणाला, "मास्तर, मी रेडीमेडच बघतो."