सुरतेचा बर्फ आणि कौसाफुईचा ताप

स्वयंपाक म्हणजे काय मोठी विद्या आहे हो? जो माणूस जीनमधली बिघडलेली चरकी नुसत्या आवाजावरून ओळखतो, त्याला एक गोड पदार्थ जमू नये? त्या दिवशी सकाळी मी हा प्रश्न आमच्या घरात मोठ्याने विचारला. उत्तर कुणीच दिलं नाही. याचा अर्थ सगळ्यांना पटलं, असा मी घेतला!

ही पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. मी नंदुरबारच्या एका कापसाच्या जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. जीनच्या यंत्रांचे पट्टे आणायला मालक मला सुरतेला पाठवायचे. तिथे पट्टे विकणाऱ्या पारशीबुवांनी एकदा मला जेवायला ठेवून घेतलं आणि शेवटी एक बशी पुढे केली. तळाशी लोण्यात मळलेला बिस्किटांचा चुरा, खारट म्हणावा तर गोड, गोड म्हणावा तर खारट. त्यावर घट्ट साखरदह्याचा थर, त्यावर फळांचे थर, आणि सगळं बर्फात ठेवून गारेगार केलेलं. पहिला घास तोंडात गेला आणि मी पट्ट्यांचं माप विसरलो! पारशीणबाईंना विचारून कृती पाठ केली. तेव्हापासून मी संधीची वाट बघत होतो.

संधी आली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या, बायजाच्या लग्नाच्या बोलणीत. आईवडील गेल्यावर मीच तिला वाढवलेली. आधी दोन घरांनी नकार दिला होता. पोरगी चांगली, पण भाऊ नुसता कारकून, ना शेत ना मळा! आता त्या दिवशी कळसाडीचे पितांबर पाटील तिला बघायला येणार होते. कपाशी, ऊस, गोठाभर बैल. मुलगा वाहरू. त्याला बायजाने सारंगखेड्याच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून कळसाडीचं नाव निघालं की तिच्या हातून भांडं पडायचं. आमच्या घरात एक लोटा धड राहिला नव्हता! हे स्थळ हातचं गेलं असतं तर मला तिच्याकडे बघवलं नसतं. म्हणून ठरवलं, पाटलांना असं काही खाऊ घालायचं की जन्मात विसरणार नाहीत.

"पुरनपोळी शे, रस शे, आखो काय पाहिजे?" धनुबाई, म्हणजे आमची ही, कपाळाला हात लावून म्हणाली.

"पुरणपोळी त्यांचे गडीसुद्धा खातात!" मी म्हणालो आणि खलबत्ता ओढला.

नानकटाई आणि जिऱ्याची खारी बिस्किटं रेल्वेच्या गार्डाच्या ओळखीने आदल्या दिवशी सुरतेहून आली होती. ती कुटली, तूप घातलं, गुळाची पूड घातली, वर मिठाचे दोन चिमटे. चक्का रात्रीच टांगून ठेवला होता. तापीच्या वाळवंटातलं खरबूज, केळी आणि आंबे चिरून तयार. आता एकच गोष्ट यायची होती, बर्फ!

बर्फ सुरतेच्या गाडीने यायचा होता, आणि गाडी नवापूरलाच रखडली होती. मी फलाटावर येरझाऱ्या घालत होतो. एकदा घड्याळ बघायचं, एकदा रूळ बघायचे. स्टेशनमास्तरांना मी इतक्यांदा विचारलं, की शेवटी त्यांनी खिडकी लावून घेतली. वैशाखातलं ऊन, आणि माझा बर्फ कुठेतरी डब्यात बसून घाम गाळत होता!

अखेर गाडी आली. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी भिला हमालाने हातगाडीवर ठेवली. गोणपाटातून पाण्याची धार लागलेली!

"कोनले ताप शे, भटूभाऊ?" भिलाने हळूच विचारलं.

"कोनले नही! तू गाडी लोट!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी आमच्या गावात बर्फ कुणी खायला आणत नसे. बर्फ यायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ताप मेंदूत चढलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवायला. आदल्याच उन्हाळ्यात कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या वडिलांसाठी असाच बर्फ आला होता आणि तो वितळायच्या आत म्हातारबुवा गेले होते. तेव्हापासून बर्फ दिसला की लोक मनातल्या मनात लाकडं कुठून आणायची याचा विचार करायचे. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात थर सोडून दुसरं काही शिरतच नव्हतं.

मग काय, भर बाजारातून वरात! पुढे भिला हातगाडी ढकलतोय, मागे मी टोपी हातात धरून धावतोय. "काय व्हयनं, भाऊ?" शिंपी विचारतोय. "कोन शे?" तेली विचारतोय. आणि मी? "आते बोलाले टाईम नही!" असं ओरडत पुढे. वाटेत वाण्याच्या दुकानासमोर थांबलो आणि पायलीभर खडेमीठ मागितलं. बर्फात मीठ घातलं की गारवा वाढतो, हे पारशीणबाईंनी सांगितलेलं. वाण्याने मीठ दिलं, पैसे घ्यायचे राहिले, आणि हात जोडले. मला त्याचंही काही वाटलं नाही!

घरी आलो तर मधल्या खोलीत कौसाफुई झोपलेली. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत. दुपारी जेवून आडवी झाली की तोंडावर पदर घेऊन अशी झोपायची, की घरावरून आगगाडी गेली तरी हलायची नाही. तिने बर्फ पाहिला असता, तर कुणी शिवलेला, कुठल्या पाण्याचा, असं विचारून तो अंगणात फेकायला लावला असता. म्हणून बर्फाचा मोठा तुकडा पुढच्या ओट्यावर गोणपाटात झाकून ठेवला आणि लहान तुकडा घेऊन मी चोरपावलांनी मागच्या पडवीत निघालो.

तेवढ्यात शेजारच्या सुपडाबाई दारात. "भटूभाऊ, बर्फ कसाले?"

मी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल, सुपडाबाई! फुई झोपेल शे!"

सुपडाबाईंनी आत डोकावलं. तोंडावर पदर घेऊन निपचित पडलेली फुई, ओट्यावर गोणपाटातून ठिबकणारा बर्फ, आणि घाम पुसत असलेला मी. त्या तोंडाला पदर लावून मागे फिरल्या. बाई समजूतदार आहे, असं मला वाटलं!

पडवीचं दार मी आतून लावून घेतलं, कारण माश्या. आणि कामाला लागलो. पितळी डब्यात तळाशी चुरा दाबून बसवला. वर चक्का. वर खरबूज. परत चक्का. वर केळी, परत चक्का, आणि सगळ्यात वर आंबा. घंगाळात बर्फ फोडून घातला, वर मीठ पसरलं, मधोमध डबा. उरलेला चुरा शेवटी भुरभुरायला वाटीत काढला होता, ती वाटी मात्र मधल्या खोलीतल्या कोनाड्यात राहिली होती.

बाहेरून रडण्याचा आवाज आला. असेल कुणाचं पोर, म्हणत मी घंगाळातलं मीठ हलवलं. आवाज वाढला. आळीत कुणीतरी गेलं वाटतं, असं म्हणून मी हळहळलोसुद्धा! नेमकं आजच जायचं होतं का त्याला?

इतक्यात डब्याला हात लावला तर तो म्हणावा तितका गार नाही. घंगाळातला बर्फ निम्मा संपलेला. मोठा तुकडा आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी दार उघडलं आणि मधल्या खोलीत पाऊल टाकलं.

पाऊल ठेवायला जागाच नव्हती! सगळी आळी माझ्या घरात! धनुबाई आणि बायजा विहिरीवर पाणी आणायला गेलेल्या, आणि तेवढ्या वेळात सुपडाबाईंनी घरोघरी वर्दी दिलेली. बायका ऊर बडवतायत, "माय वं! काल ते पापड लाटी ऱ्हायनी व्हती वं!" कुणी मीठमिरची ओवाळून दृष्ट काढतंय. आणि माझा मोठा तुकडा, माझा सुरतेचा बर्फ, चौघींनी मिळून फुईच्या कपाळावर धरलेला!

फुईने डोळे उघडले. "कोन मरी गयं वं?" तिने विचारलं.

बायकांनी हंबरडा फोडला. ताप डोक्यात गेलाय, ही वातात बडबडतेय, असं सुपडाबाईंनी जाहीर केलं. कोनाड्यातली वाटी त्यांना दिसली. वैद्याचं चूर्ण! चमचाभर फुईच्या तोंडात कोंबलं.

फुईने चघळलं. जरा थांबली. "हाई औसद चांगलं शे," ती म्हणाली. "आखो दे!"

दुसरा चमचा. तिसरा चमचा. फुईचा चेहरा खुलला, तसा चूर्णाचा महिमा वाढला. एकीचे गुडघे दुखत होते, तिने चिमूट घेतली. दुसरीची कंबर, तिने मूठ घेतली. मी "अहो, ते औषध नाही!" असं ओरडतोय, पण त्या गदारोळात कोण ऐकतो? वाटी पुसून झाली. मग पडवीचं दार मी उघडंच टाकलेलं कुणाला तरी दिसलं आणि औषधाचा मोठा डबा आत आहे असा शोध लागला. माझ्या डोळ्यांदेखत माझे थर वरून खालपर्यंत उकरले गेले. आंबे, केळी, खरबूज कुणाला नको होतं, ते घंगाळातल्या खारट पाण्यात गेलं. सगळ्यांना तळाचा चुरा हवा होता!

मी खिडकीपाशी जाऊन श्वास घेतला आणि बाहेर पाहिलं.

ओट्यावर पुरुषमंडळी खाली माना घालून बसली होती, आणि त्यांच्यात पांढराशुभ्र फेटा काढून मांडीवर ठेवलेले पितांबर पाटील! शेजारी वाहरू. रस्त्यावर त्यांची बैलगाडी. कधी आले, कुणाला ठाऊक! कुणीतरी पाणी पुढे केलं, तर पाटलांनी मानेनेच नको म्हटलं. मयताच्या घरी पाणी घेत नाहीत. थोडा वेळ बसले, उठले, आणि काही न बोलता निघाले. मयताच्या घरातून "येतो" म्हणूनही निघत नाहीत! माझ्या बहिणीचं स्थळ रीतीप्रमाणे, अगदी सगळं शिस्तीत, पाय न वाजवता चाललं होतं!

दारातून बाहेर पडणं शक्य नव्हतं. मी खिडकीतून उडी टाकली. कोपरापर्यंत आंब्याचा रस, धोतरावर चक्का, आणि बैलगाडीमागे धावत मी ओरडतोय, "पाटील, थांबा! फुई जित्ती शे! फुई जित्ती शे!"

पाटलांनी गाडीवानाला थांबवलं आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं. दुःखाने याचं डोकं फिरलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खाली उतरून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर, बेटा," ते म्हणाले. मला रडू फुटलं. खरंच फुटलं! आणि त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

माझा हात धरून ते मला घरी पोचवायला परत आले. तेव्हा डोक्यावर घागर घेऊन बायजा दारात उभी होती. तिने आत एकदा पाहिलं, घागर खाली ठेवली, पदर खोचला.

"सरका बाजूले!" तिचा आवाज जीनच्या भोंग्यासारखा घुमला. "फुईले वारा लागू द्या! ताप नही शे तिले! बर्फ खावाकरता आनेल शे!" चौघींच्या हातातला बर्फ काढून घेतला, फुईचं डोकं कोरडं पुसलं, तिला भिंतीला टेकवून बसवलं. बायका भिंतीकडे सरकल्या. सुपडाबाई तर कोनाड्यापेक्षा लहान झाल्या.

फुईने पाटलांना पाहिलं आणि डोक्यावर पदर ओढला. "बसा, पाव्हना," ती म्हणाली. "मी मरनू व्हतू म्हने. आते शंभर वरीस जगसू!"

मग पितांबर पाटील हसायला लागले. हसता हसता ओट्यावर बसले, फेटा डोळ्यांना लावला. "सोयरीकले उनूत अन् मयतीमा बसनूत!" वाहरू हसत नव्हता. तो बायजाकडे बघत होता, आणि बायजाच्या हातून, त्या दिवसातलं पहिलं, भांडं पडलं.

बायजाने उरलेला बर्फ फोडून आमरसात घातला आणि पेले भरून सगळ्या आळीला दिले. पाटील दोन पेले प्यायले. बायका निघून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोर पसंत शे," ते म्हणाले. "बठ्ठा गाव रडी ऱ्हायना व्हता, अन् हाई एकलीच कामनं बोलनी. अशीच सून पाहिजे आमले. पन एक अट शे."

"बोला ना, पाटील! काय म्हणाल ते देतो!"

"लगीनमा तुम्ही चुल्हाजोडे जावानं नही."

चुलीजवळ फिरकणार नाही, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लग्न मार्गशीर्षात थाटात झालं. पंगतीत काय वाढलं ते मला शेवटच्या पंगतीला कळलं. मला मांडवाच्या तोंडाशी उभं केलं होतं, पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला. आणि ती गुलाबदाणी माझ्या हातात देण्याआधी धनुबाईने त्यातलं पाणी स्वतः चाखून पाहिलं!