मोबाईलमधल्या उसाची इर्जिक

महिनाभर वाट पाहायला लावून ऊसतोडीची टोळी एकदाची श्रीगोंद्याला सहादेवनानांच्या शेतावर आली, आणि नेमकं त्याच सकाळी सुनेनं चहाबरोबर बातम्या वाढल्या. दिपाली मोबाईलच्या दुनियेतल्या घडामोडींचा छोटा व्हिडिओ रोज टाकायची, आणि त्याची तालीम सासू-सासऱ्यांसमोर व्हायची.

"तीन घड्या पडणारा मोबाईल आलाय," दिपाली म्हणाली.

"त्ये काय लुगडं हाय?" सासूनं, बनुबाईंनी विचारलं.

"पोरांचं गेमचं मशीन पुन्हा महागलं. एक गेम यायचा होता, तो पुन्हा पुढं ढकलला."

"आपल्या तोडीवानीच की!" नाना खूश झाले.

"आणि 'हिरवं रान' आज संध्याकाळी सहाला कायमचं बंद. तेव्हा जो पहिला असंल, त्याचंच नाव कायम पहिलं राहणार."

नानांनी चहाची बशी खाली ठेवून मोबाईल उचलला. 'हिरवं रान' हा शेतीचा गेम, आणि त्यात नानांचा चाळीस एकर ऊस उभा होता. पहिल्या नंबरावर मात्र भंडारदऱ्याचे व्याही अमृतराव होते, ज्यांनी उभ्या जन्मात उसाचं टिपरू लावलं नव्हतं. सगळा ऊस तुटला तर नाना पहिले. नाही तुटला, तर अमृतराव मरेपर्यंत प्रत्येक लग्नात मिशीत हसणार. आणि नानांकडे अंगठा एकच, तोही संधिवाताचा.

गेममध्ये एक सोय होती. ज्यांची स्वतःची गेममधली शेती आहे, ते शेजारी म्हणून तुमच्या रानात येऊन तोडू लागायचे. नानांना लगेच इर्जिक आठवली. सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात राबायचं, त्यानं पोटभर जेवू घालायचं, आणि पुढं ज्याच्या त्याच्या रानात जाऊन फेड करायची.

मुकादम बजरंग कोयता परजून उभाच होता. "मालक, कुठनं धरू ऊस?"

"कोयता ठेव. मोबाईल काढ."

नानांनी सगळं समजावून सांगितलं. बजरंगनं डोकं खाजवलं. पण मुकादमकीत वय गेलेलं, त्यामुळे त्यानं कामाची पद्धत सोडली नाही. "आमच्यात नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. हितंबी तसंच. एका कोयत्याला एक मोबाईल. गड्यानं तोडायचं, बाईनं मोळी बांधायची."

रेंज फक्त कडब्याच्या गंजीवर यायची. सगळी टोळी शिडी लावून वर चढली. प्रत्येकानं गेममध्ये आपापली नवी शेती उघडली आणि नानांच्या उसात अंगठा घातला.

खाली बनुबाई कडाडल्या, "अवं, खरा ऊस तुरं काढून उभा हाय! परवा टोळी दुसरीकडं जायची!"

"त्यो कुठं पळतोय? ह्यो सहाला जातोय!"

बनुबाईंचा तिळपापड झाला. पण इर्जिकीची माणसं उपाशी ठेवली तर घराची अब्रू जाते, म्हणून नवऱ्याला शिव्या देत त्यांनी आमटीचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

दुपारी कारखान्याचा ट्रॅक्टर घेऊन ड्रायव्हर कल्याण आला. "नाना, ऊस कुठाय?"

नानांनी मोबाईल दाखवला.

"मंग कारखान्याच्या वजनकाट्यावर काय मोबाईल ठिवू?" असं म्हणत कल्याणनं आत डोकावून पाहिलं. गेममध्येही ट्रॅक्टर होता आणि त्याला ड्रायव्हर नव्हता. एवढी बेअदबी त्याला सोसवेना. खरा ट्रॅक्टर बांधावर सोडून तोही गंजीवर चढला.

सहाला थोडा वेळ असताना शेवटची मोळी पडली आणि नाना पहिले आले! टोळीनं शिट्ट्या मारल्या. नानांनी व्याह्यांना व्हिडिओ कॉल लावून नुसती मिशी दाखवली.

तेवढ्यात दिपाली पळत आली. "मामा, ताजी बातमी! आज अचानक लई गर्दी झाली म्हणून कंपनीनं गेम बंद करायचं रद्द केलं. सगळ्यात जास्त नवी माणसं आपल्याच रानातून आलीत!"

कॉल चालूच होता. "मग उद्या बघू, व्याही," अमृतराव म्हणाले आणि गोड हसले.

दुसऱ्या दिवशी नाना पडल्या चेहऱ्यानं शेतावर गेले. "चला रं, आता खऱ्या उसाला लागा."

कुणी जागचं हललं नाही. बजरंगची बायको मनकर्णा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "नाना, इर्जिक व्हती ना? मंग फेड नगं का? आमचाबी ऊस तोडीला आलाय."

"तुमचा कुठला ऊस?"

"गेमात शिरल्या शिरल्या पाच एकर भेटलं की. रातभर पानी दिलंय म्या." जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडलेल्या त्या बाईच्या तोंडावर पहिल्यांदाच बागायतदाराची काळजी दिसत होती. "आधी फेड, मंग तोड."

नाना भडकले, "अगं, मालक कोन हितं?"

"तुमच्या रानात तुमी. आमच्या रानात आमी," बजरंग शांतपणे म्हणाला.

टोळी उद्या जायची होती आणि खरा ऊस उभा होता. नाना मुकाट शिडी चढले. त्यांच्यामागून पदर खोचून बनुबाई चढल्या, कारण कोयता दोघांचा असतो. नाना तोडू लागले, बनुबाई मोळ्या बांधू लागल्या. गंजीखाली मनकर्णा कमरेवर हात ठेवून फेऱ्या मारत होती.

"नाना," ती खालून ओरडली, "बुडख्यातनं तोडा. नुसतं वरवर छाटून पळू नगा."