ग्लेनिसचा पत्रा आणि पाचवा सेकंद

"तुमचं महासंगणकाचं धूड तीन आठवडे घेतं, माझा लॅपटॉप चार मिनिटं!" ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत, विमानाचे भाग सुसाट झोतात तपासायच्या वाऱ्याच्या बोगद्यासमोर उभं राहून ग्लेनिस पॅस्कोने सगळ्यांदेखत ठणकावलं. आवाजाच्या सहापट वेगाने उडणाऱ्या विमानाचा पत्रा तापून कसा वाकेल, हे तिचं गणित सांगायचं. महासंगणकासारखे पत्र्याचे लाखो ठिपके ती मोजतच नसे. थरथरण्याच्या नऊ मुख्य तऱ्हा धरायच्या, की झालं! "अख्खं वऱ्हाड कशाला मोजायचं? नाचणारे नऊ जण पकडा!"

"आणि चुकलीस तर?" संचालक ड्रमंड म्हणाले.

"तर सहा वर्षांचं काम कचऱ्यात! पण पत्रा दहा सेकंद सपाट राहणार म्हणजे राहणार!"

बोगदा गरजला. तिसऱ्याच सेकंदाला धडाम! पत्रा तळलेल्या पुरीसारखा टम्म!

"कचऱ्याची पेटी त्या कोपऱ्यात आहे हं," ड्रमंड गोड आवाजात म्हणाले.

ग्लेनिस तडक पत्र्याकडे धावली. तीस वर्षं बोगद्याची देखभाल करणारा नेव तिथे मोठ्या अभिमानाने पाना पुसत उभा होता.

"चार बोल्ट खुळखुळत होते गं पोरी. दिले आवळून! नाहीतर तुझी शोभा झाली असती."

"अरे माणसा! ते मुद्दाम ढिले होते! तापल्यावर पत्र्याला पसरायला जागा नको?"

"मग पाटी लावायचीस! ढिला बोल्ट दिसला की माझे हात शिवशिवतात."

तिने आवळलेले चार बोल्ट गणितात घातले. चार मिनिटांत उत्तर: तिसरा सेकंद!

"धडाम झाल्यावर भविष्य माझी सासूसुद्धा सांगते," ड्रमंड म्हणाले. "नेव, नवा पत्रा लाव. दोनच बोल्ट आवळ. आणि बाई, आता आधी बोल!"

चहाच्या सुट्टीत लॅमिंग्टन केकचा तुकडा तोंडात कोंबून ग्लेनिसने गणित मांडलं. कप रिकामा व्हायच्या आत फळ्यावर हे एवढाल्या अक्षरांत लिहिलं: पाचवा सेकंद, डावा कोपरा, आतल्या बाजूला!

बोगदा पुन्हा गरजला. एक... दोन... तीन... चार... धडाम!

पाचवाच सेकंद! डावाच कोपरा! आतच! नेवची टोपी छताला जाऊन आदळली. ड्रमंड टाळ्या पिटत ओरडले, "विमानाचं सगळं गणित आता हिच्याच पद्धतीने! कुठे आहे ती?"

ती टेबलाखाली होती.

"बरोबर आलं का हो?" खालून बारीक आवाज आला.

"तंतोतंत! पण तुला तर सेकंदासकट ठाऊक होतं. मग खाली काय करतेस?"

"गणित डोक्याने केलं होतं," केसांतलं जळमट काढत ग्लेनिस म्हणाली. "गुडघ्यांना कुणी कळवलंच नव्हतं!"